शेजाऱ्याचं स्टिअरिंग

हार्म नाइलांड आयुष्यभर दुसरा आला. आल्मेलो गावाच्या पुढे, कालव्यापलीकडच्या बटाट्याच्या शेताला लागून क्लबाचा मातीचा ट्रॅक होता. उन्हाळाभर दर रविवारी तिथे रिमोटवरच्या गाड्यांच्या शर्यती लागत आणि सप्टेंबर सरता सरता वर्षाचा चषक बेरेंड वोल्टरिंकच्या घरी जाई. हार्मच्या वाट्याला यायची पाठीवरची थाप. तीही बेरेंडचीच.

दोघं शेजारी. मधे कंबरेएवढं कुंपण आणि इतक्या वर्षांच्या ये-जा करण्यानं त्यात पडलेली फट. दोघांनी एकाच डेअरीत नोकरी केली, निवृत्तही पाठोपाठच झाले. हार्म अबोल आणि चिवट. बेरेंड चार माणसं जमली की फुलणारा. डेअरीतल्या साहेबांच्या नकला तो अशा काही करायचा, की त्यातला एक साहेब निवृत्त झाल्यावर त्या ऐकायला मुद्दाम क्लबात येऊन बसत असे. हार्मची नक्कलही तो करायचा. खाली मान घालून, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत स्क्रू आवळणारा हार्म. लोक पोट धरून हसत. हार्मही हसायचा, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये, मोसम सुरू व्हायच्या आधी, एका सकाळी बेरेंड गाडी काखेत मारून फटीतून आला आणि हार्मच्या गॅरेजमध्ये टेबलावर ती ठेवून उभा राहिला.

"स्टिअरिंगला काही दम नाही रे. पेजेत पळी फिरवल्यासारखं लागतंय."

हार्मनं गाडी उचलली. पुढचं एक चाक चिमटीत धरलं आणि दुसरं हलवून पाहिलं. ते बोटाच्या पेराएवढं इकडेतिकडे डुगडुगलं. दांडीच्या टोकाच्या प्लॅस्टिकच्या वाट्या झिजल्या होत्या, त्यातल्या गोळ्या खुळखुळत होत्या. मोटरच्या दांड्याचा स्क्रू तर बोटानं फिरत होता. असली दुरुस्ती बेरेंडला डोळे मिटून जमायची. मग हार्मचं लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे गेलं. बेरेंडनं तो खिशात घातला होता, आणि खिसा हलत होता.

हार्मनं वाट्या बदलल्या. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या मधल्या आडव्या तुकड्याखाली कागदासारख्या पातळ चकत्या घातल्या. तो स्क्रू गच्च आवळला तर स्टिअरिंग अडकतं, सैल ठेवला तर डुगडुगतं. हार्मनं तो आधी पूर्ण आवळला, मग केसभर मागे घेतला. धातूत जाणाऱ्या स्क्रूंना, ते सुटू नयेत म्हणून, निळ्या गोंदाचा थेंब लावला. बेरेंडनं गाडी घेतली, चाकं दाबून बघितली, मान हलवली आणि निघून गेला.

पुढच्या शनिवारी गाडी आपोआप आली. बेरेंडची बायको विलेमिननं ती स्वयंपाकघरातल्या पुसण्याच्या कापडाखाली झाकून गॅरेजच्या मागच्या दाराशी ठेवली होती. हार्मनं ती दुरुस्त केली आणि त्याच कापडाखाली परत ठेवून आला. मग दर शनिवारी हेच सुरू झालं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. त्या भागात शेजाऱ्याकडे काही मागायचं नसतं. त्याला काय हवं ते आपल्याला दिसायला हवं, अशी तिथली रीत.

सुरुवातीला हार्मला बरं वाटलं. बेरेंडचं एक गुपित आपल्या हातात आहे, ह्याची ऊब त्याला आठवडाभर पुरायची. रिमोट बेरेंड अजून उत्तम धरायचा. मुठीत काही घट्ट असलं की त्याचा हात शहाण्यासारखा गप्प बसे. फजिती व्हायची ती तिळाएवढा स्क्रू धरताना. त्यामुळे ट्रॅकवर काहीच बदललं नाही. बेरेंड बहुतेक रविवारी पहिला येत राहिला आणि हार्म दुसरा. फरक एवढाच, की आता हार्म स्वतःच्याच हातांकडून हरत होता.

तेही त्यानं सोसलं असतं. पण जूनमधल्या एका रविवारी कँटीनमध्ये कुणीतरी बेरेंडला विचारलं, की खडबडीत वळणावर तुमची गाडी रेष आखल्यासारखी जाते, ते कसं काय. काउंटरमागे विलेमिन आणि हार्मची बायको डिनी क्रोकेट नावाचे लांबट कटलेट तळत होत्या. हार्म मोहरीच्या सॉसची बाटली शोधत तिथेच उभा होता. बेरेंडनं खुर्ची मागे रेलली आणि सांगायला सुरुवात केली. चकती कुठे घालायची, स्क्रू किती आवळायचा, केसभर मागे कसा घ्यायचा. "ते मोजून येत नाही. बोटांना कळावं लागतं," तो म्हणाला. मग हार्मकडे बोट करून म्हणाला, "हा माझा शेजारी. चाळीस वर्षं माझ्या खिडकीसमोर राहतोय, पण त्याला काही ते जमलं नाही. हार्मची गाडी निघते पहिल्या नंबरासाठी आणि वाटेत तिला घरची आठवण येते."

सगळे हसले. हार्मनं विलेमिनकडे पाहिलं. तिनं कढईत खाली बघितलं.

घरी जाताना डिनी म्हणाली, की बेरेंडची ती जुनीच सवय आहे, मनावर घेऊ नकोस. आपण काही मनावर घेतलं नाही, असं हार्मनं सांगितलं. पुढच्या शनिवारीही त्यानं गाडी दुरुस्त केली, आणि नेहमीपेक्षा नीट केली. एखादा स्क्रू मुद्दाम सैल सोडावा, हे त्याच्या मनातही आलं नाही. तसं केलं असतं तर बेरेंड एक शर्यत हरला असता, इतकंच. हार्मला ते पुरेसं नव्हतं. त्याला नेमकं काय हवंय, हे त्याला स्वतःलाही सप्टेंबरपर्यंत कळलं नाही.

मोसमाचा शेवटचा रविवार निरभ्र होता. शेतातले बटाटे काढून झाले होते आणि वारा सगळी माती शर्यतवाल्यांच्या तंबूंमध्ये आणून टाकत होता. गुणांमध्ये बेरेंड पुढे होता, पण थोडासाच. दुपारच्या अंतिम फेरीत जो जिंकेल त्याचा चषक. जेवणाआधीच्या फेरीत बेरेंडची गाडी उडी मारून खाली आली ती वळणाच्या कडेला टाकलेल्या पाइपावर आदळली. उचलून आणली तेव्हा तिची पुढची चाकं दोन सवतींसारखी एकमेकींकडे पाठ करून बसली होती. मधला तुकडा ज्या खुंट्यावर फिरतो, त्याचा स्क्रूच निखळून पडला होता.

अंतिम फेरीला अर्धा तास होता. हार्म आपल्या टेबलाशी बसून क्रोकेट खात होता. त्याची गाडी तयार होती. बेरेंड तंबूंच्या रांगेतून चालत आला, गाडी हार्मच्या टेबलावर ठेवली आणि बाजूला उभा राहिला. इतके महिने हे असंच चालत आलं होतं. फक्त ह्या वेळी वर कापड नव्हतं.

हार्मनं घास गिळला. "हे काय आहे?"

"बघतोयस ना."

"गाडी आहे. तुझी. माझ्या टेबलावर कशाला?"

बेरेंडला आधी ती थट्टा वाटली. तो थोडा हसला आणि खाली वाकला. हळू आवाजात म्हणाला, "हार्म, वेळ नाही. खुंट्याचा स्क्रू गेलाय. एवढं बसवून दे."

"ऐकू येत नाही. तो कॉम्प्रेसर चालू आहे."

गाड्यांवरची माती उडवायचा कॉम्प्रेसर चालू होता हे खरं. पण हार्मला व्यवस्थित ऐकू आलं होतं. शेजारच्या टेबलावरची माणसं मान वर करून बघायला लागली. क्लबाचा अध्यक्ष एखबर्ट माइक घेऊन चालला होता, तोही थांबला.

"स्क्रू बसवून दे म्हणतोय," बेरेंड मोठ्यानं म्हणाला.

"का? तुझ्या बोटांना तर सगळं कळतं."

हार्मला इथे थांबता आलं असतं. नंतर त्यानं अनेकदा ती जागा मनात चाचपून पाहिली, आणि दर वेळी त्याला तिथून परत फिरण्याची वाट स्वच्छ दिसली. त्या दुपारीही ती दिसत होती. बेरेंडच्या कपाळावर घाम आला होता आणि तोंडाचा कोपरा ओढला गेला होता. त्याच्या जवळ तेव्हा सांगायला एकही विनोद नव्हता. हार्मला आयुष्यात पहिल्यांदा बेरेंडकडे वरून पाहायला मिळत होतं, आणि ते त्याला फार आवडलं.

त्यानं डबीतून एक नवा स्क्रू काढला, स्क्रूड्रायव्हर पुसला आणि दोन्ही बेरेंडपुढे धरले.

"तू कर. मी बघतो."

बेरेंडनं ते घेतले. नाही म्हणून निघून जाणं त्याला सुचलं नसावं. इतक्या जणांसमोर हार्मपुढून निघून जायची त्याला सवयच नव्हती. त्यानं स्क्रू पात्याच्या टोकाला लावला. तो पडला. गवतात वाकून त्यानं तो शोधला, पुन्हा लावला आणि गाडीकडे नेला. भोकाजवळ जाताच त्याचा हात आवरेना. पोलादाचं टोक ॲल्युमिनियमच्या पट्टीवर टकटक वाजायला लागलं. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तर आवाज आणखी वाढला. कुणीतरी कॉम्प्रेसर बंद केला होता. मग ती टकटक सगळ्यांना ऐकू आली. कँटीनच्या खिडकीतसुद्धा, कारण हार्मनं वर पाहिलं तेव्हा तिथे दोन्ही बायका उभ्या होत्या.

स्क्रू परत पडला. ह्या वेळी बेरेंड वाकला नाही.

"सांग ना," हार्म म्हणाला. "काय झालंय ते सांग, मी करून देतो."

"माझा हात थरथरतो."

"केव्हापासून?"

"हार्म."

"केव्हापासून विचारतोय मी."

"गेल्या हिवाळ्यापासून."

"आणि मग तुझी गाडी दर शनिवारी कोण दुरुस्त करतं?"

बेरेंडनं आजूबाजूला पाहिलं. कुणी त्याच्या नजरेला नजर देईना. "तू," तो म्हणाला.

"मग असं सांग की," हार्म म्हणाला, आणि गाडी आपल्याकडे ओढली.

त्यानं काम फार सुंदर केलं. खुंटा पुसला, पातळ चकती घातली, निळा थेंब, स्क्रू पूर्ण आवळून केसभर मागे. दोन्ही दांड्या काढून, त्यांच्या वाट्या बदलून परत बसवल्या, ज्याची काही गरज नव्हती. चाकं समोर बघायला लागली तशी गाडी दोन्ही हातांत धरून त्यानं बेरेंडला परत दिली. "घे. आता कुणी म्हणायला नको," तो म्हणाला. कुणी काही म्हणत नव्हतंच.

फेरी सुरू झाली तेव्हा बेरेंड चालकांच्या फलाटावर नेहमीच्या जागी उभा होता. पण खालची माणसं ट्रॅककडे बघत नव्हती, त्याच्या हाताकडे बघत होती. त्याला ते कळत होतं. रिमोट मुठीत असूनही तो हात आता गप्प बसेना. पहिल्याच वळणावर गाडी पाइपावर गेली. कुणीतरी सरळ करून ठेवली. तिसऱ्या वळणावर ती पुन्हा आपटली. त्यानं अर्ध्यातच रिमोट कठड्यावर ठेवला आणि एक एक पायरी चाचपत जिना उतरून मोटारी उभ्या असतात तिकडे चालत गेला. त्याची गाडी ट्रॅकच्या मधोमध तशीच उभी राहिली, बाकीच्या तिला वळसा घालून जात राहिल्या. हार्म पहिला आला. एखबर्टनं माइकवर त्याचं नाव घेतलं, मग घसा खाकरला आणि स्पीकरची वायर गुंडाळायला घेतली.

विलेमिन एप्रन तसाच बांधून नवऱ्यामागे गेली होती. डिनीनं एकटीनं कँटीन आवरलं. मोटारीत बसल्यावर हार्मनं चषक तिच्या मांडीवर देऊ केला, तर तिनं तो मागच्या सीटवर टाकला. दारात किल्ली लावताना म्हणाली, "तुला जिंकायचं होतं, तर नुसतं जिंकायचंस."

ह्याचं उत्तर हार्मकडे तयार होतं. नुसतं जिंकता येत नव्हतं म्हणूनच तर, असं. पण ती तोवर आत गेली होती.

पुढच्या शनिवारी मागच्या दाराशी काही नव्हतं. मोसम संपला होता, त्यामुळे नसायलाच हवं होतं, तरी हार्म दोनदा बघून आला. बेरेंड क्लबात आला नाही. क्लबातल्या लोकांनी आपला चांगुलपणा दाखवला. सभा घेऊन त्यांनी ठरवलं, की पुढच्या वर्षी बेरेंडला एक मदतनीस द्यायचा, आणि एखबर्ट फुलं घेऊन हे त्याला सांगायला गेला. बेरेंडनं फुलं घेतली, आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या भंगारवाल्याच्या टेम्पोत घातल्या. हार्म वरच्या खिडकीतून बघत होता. भंगारवाल्यानं एका गाडीचं पुढचं चाक हलवून पाहिलं, आणि ते जराही डुगडुगलं नाही.

ऑक्टोबरअखेर बेरेंड-विलेमिनच्या लग्नाला पन्नास वर्षं पुरी होत होती. लग्नाचा असा वाढदिवस असला की त्या भागात दाराभोवती पाइनच्या फांद्यांची कमान बांधायची आणि तिला कागदाची गुलाबं लावायची, हे काम शेजाऱ्यांचं. त्यात पुढाकार लगतच्या शेजाऱ्याचा. फांद्या तोडायला कुणी जायचं, बिअर कुठून आणायची, दारात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत कुणी करायचं, सगळं तोच ठरवतो. त्याला आमंत्रण नसतं, कारण तो यजमानच असतो. डिनीनं जुलैपासून गुलाबं करायला घेतली होती, पांढरी आणि सोनेरी. पाहुण्यांची खोली त्या खोक्यांनी भरली होती.

एका मंगळवारी पोस्टमन आला. त्याच्याकडे एक जाडसर पाकीट होतं, तिकीट लावलेलं, वर छापील अक्षरांत श्री. व सौ. नाइलांड. आत आमंत्रणपत्रिका होती. शेजारच्या दारातून निघालेलं ते पाकीट गावातल्या पेटीत पडलं होतं, दूरच्या शहरात जाऊन शिक्का घेऊन परत आलं होतं.

डिनीनं पत्रिका दोनदा वाचली. मग गुलाबांचं एक खोकं उचललं आणि फटीतून पलीकडे गेली. हार्म स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. ती लगेच परत आली, रिकाम्या हातांनी.

"काय म्हणाली विलेमिन?" त्यानं विचारलं.

"गुलाबं छान झालीत म्हणाली. आणि पत्रिका मिळाली का, असं विचारलं." डिनी खुर्चीवर बसली. "पत्रिका मिळाली का. मला. तिच्या दोन्ही बाळंतपणांत मी होते."

कमान बेरेंडच्या पलीकडच्या बाजूच्या शेजाऱ्यांनी, लेफेरिंकांनी बांधली. दोन संध्याकाळी त्यांच्या कोठारात माणसं जमली, बिअरच्या बाटल्या उघडल्याचे आणि हसण्याचे आवाज आले. सगळी गल्ली होती. हार्मनं दिवा लावला नाही, डिनीनंही लावायला सांगितलं नाही.

समारंभाला जायचं नाही, असं हार्मनं ठरवलं होतं. डिनी म्हणाली, "जायचं. पत्रिका आलेल्यांनी जायचं असतं." तिनं निळा ड्रेस घातला, त्याला टाय बांधायला लावला. फटीतून न जाता ती त्याला पुढच्या रस्त्यावरून घेऊन गेली, बाहेरगावची माणसं येतात तसं. कमानीवर तिचीच गुलाबं होती. दारात हेन्ड्रिक लेफेरिंक स्वागताला उभा होता. त्यानं दोघांशी हस्तांदोलन केलं आणि कोट कुठे टांगायचे ते दाखवलं. ज्या घरात हार्मनं जिन्याचा कठडा स्वतः बसवून दिला होता, तिथे.

आत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. बेरेंड मधोमध, गडद सुटात, बराच वाळलेला. कॉफीचा कप त्यानं दोन्ही हातांनी धरला होता आणि कप बशीवर किणकिणत होता. त्यानं ते लपवलं नव्हतं. आता काय लपवायचं. शेजारी त्याची ऑस्ट्रेलियाहून आलेली बहीण होती. हार्म जवळ आला तसे आसपासचे लोक वळून बघायला लागले.

हार्मनं वाक्य ठरवून ठेवलं होतं. ते छोटं होतं, त्यात माफी हा शब्दही होता. "बेरेंड," त्यानं सुरुवात केली.

बेरेंडनं मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. अनोळखी माणसाला दाखवतो तसा सौजन्याचा भाव होता. तो बहिणीकडे वळला.

"हे नाइलांड," तो म्हणाला. "क्लबात येतात." मग हार्मकडे बघून, "बरं झालं तुम्ही आलात. बसा ना. कॉफी घेणार का तुम्ही?"

चाळीस वर्षांत त्यानं हार्मला अरे-तुरेशिवाय हाक मारली नव्हती. शिव्यासुद्धा अरे-तुरेतच दिल्या होत्या. बहीण हसून म्हणाली, की भेटून आनंद झाला, आणि तुम्ही कुठे राहता असं विचारलं.

"इथेच," हार्म म्हणाला. "जवळच."

दाराजवळ एक रिकामी खुर्ची होती. तो तिथे जाऊन बसला. विलेमिननं त्याला कॉफी आणि केकचा तुकडा आणून दिला. साखर किती, तेही विचारलं. त्यानं ते सांगितलं, आणि कप हातात घेऊन, बाकीचे पाहुणे पीत होते तशी कॉफी पिऊ लागला.